फडकी किती

बीदर,
२७ ऑगस्ट १९८७

कोंडाबाई यांना जयभीम.

तुमची सुजाता गेल्या सोमवारी आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून रुजू झाली, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुमचे गुडघे कसे आहेत? पोरगी हुशार आहे. केस मात्र कॅपमध्ये नीट बसवत नाही, मी बोलले.

पहिल्याच दिवशी ड्यूटी घेताना मी तक्ता पुढे केला. तिनं आधी कपडे धुणाऱ्या आयाला, गुरुबाईला, विचारलं, "मावशी, फडकी किती भिजली?"

"आयाला काय विचारतेस? तक्ता वाच."

"आईनं सांगितलंय सिस्टर, धुणारीला आधी इचार म्हणून. कामून, ते न्हाई सांगितलं."

एकोणीस वर्षांत तुम्ही तिच्याजवळ माझं नाव काढलं नाहीत. तिचं ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मोजलेल्या सुया पुन्हा मोजते.

एकोणीस वर्षांपूर्वीची ती सिद्धम्मा. तिचं बाळ झाल्यावर तुम्ही दाराशी येऊन म्हणालात, "बाई, हे पाचवं फडकं. रगत थांबंना झालंय." आयानं नर्सला सांगायचं, नर्सनं सिस्टरला, सिस्टरनं डॉक्टरला. नर्स मी होते, कॉलेज शिकलेली. "तू धू. मोजायचं काम माझं," असं म्हणून मी चादर न उचलताच तक्त्यात 'रक्तस्राव बेताचा' लिहिलं. तासाभरात बाई गेली.

चौकशीत मी जबाब दिला की आयानं कळवलंच नाही. तुम्हाला कामावरून काढलं. मी सिस्टर झाले.

येत्या सोमवारी निवृत्त होते. खरा जबाब काल वरच्या कचेरीत देऊन पोच घेतली. पेन्शनचं व्हायचं ते होईल.

रविवारी सुजाता तुमच्याकडे खटकचिंचोळीला येते आहे, तिच्याच हाती हे पाठवते. पाकीट चिकटवलेलं नाही. वाचून तीच दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तिला मध्येच थांबवू नका.

सुपूर्द केले:
खऱ्या जबाबाची नक्कल, पोचेसह – एक.
सिद्धम्माचा तक्ता, मी फायलीतून काढून लपवलेला – एक.

देणार: विमलबाई, सिस्टर
घेणार:

आयांच्या अंगठ्याला आमच्या रजिस्टरात जागा नसे. इथं सोडली आहे.