शर्टाला लटकलेली मावशी

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या एकुलत्या एका भाचीचा लांबूनच नमस्कार. (लांबूनच का, ते पुढे कळेल.) तुझा गुडघा आता कसा आहे? काकांना नवी कवळी मानवली, की कवळी अजून डबीत आणि काका अजून पातळ खाण्यावर? मी मजेत आहे. आईही मजेत आहे, पण तिचा काही निरोप नाही, कारण हे पत्र मी तिच्या नकळत लिहितेय. तू ते बसून वाच. काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, निदान मधला भाग तरी गाळ. आणि अलीकडे रस्त्यात अनोळखी माणसं तुझ्याकडे बघून हसत असतील, एखाद्या बाईने तुझे हात हातात घेऊन डोळे पुसले असतील, तर घाबरू नकोस. तुला काही झालेलं नाही. जे झालंय ते माझ्यामुळे झालंय.

तुला माहीतच आहे, मी तयार कपड्यांच्या कंपनीत जाहिरातीचं काम बघते. तुमच्या गावातही आमचं दुकान निघालंय, बाजाराच्या तोंडाशी, मोठ्या काचेचं. आता गंमत अशी की आमच्या दुकानाला लागून दुसरं दुकान, त्याला लागून तिसरं, आणि तिन्हींच्या काचेत शर्ट मात्र तोच. फरक काय तो पिशवीच्या रंगाचा. हे मालकांच्या मनाला फार लागलं आणि त्यांनी एक ओळखतज्ज्ञ आणला. (हसू नकोस, असा धंदा असतो. दुकानांना त्यांची ओळख शोधून द्यायची आणि वर पैसे घ्यायचे.) त्याने आम्हाला गोल बसवून विचारलं, तुम्ही कोण आहात? मालकांनी खिशातून कार्ड काढून दिलं. हिशेबनीस म्हणाला, कपड्यांचं दुकान. तज्ज्ञाने डोळे मिटून मान हलवली, म्हणजे दोघेही नापास. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आम्ही कोण नाही हे सांगत होता, आणि चहाच्या वेळी त्याने जाहीर केलं की आमची ओळख म्हणजे सचोटी. मालक म्हणाले, "चालेल की. आपल्याकडे आहे का ती?"

ती नसल्यामुळे आणायचं ठरलं. हल्ली लोकांना शर्ट घेताना तो कुणी शिवला, कसल्या जागेत बसून शिवला, त्याला पोटभर मजुरी मिळाली का, हे कळायला हवं असतं. चांगलीच गोष्ट आहे, मला तर मनापासून पटली. तेव्हा प्रत्येक शर्टाच्या गुंडीला एक पुठ्ठ्याचा टॅग लटकवायचा, त्यावर शिवणाऱ्या बाईचा फोटो आणि खाली "मला यांनी शिवलं". फक्त एक अडचण होती. आमचे शर्ट कोण शिवतं, ते कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. मालकांना वाटायचं खरेदीखात्याला माहीत असेल, खरेदीखात्याला वाटायचं गोदामाला. शेवटी मलाच पिटाळलं. एका गोदामाच्या माथ्यावर खोली निघाली. शिलाई मशिनींच्या रांगा, बिनपाठीची स्टुलं, आणि एकुलती एक खिडकी, तीही रंग देताना चौकटीसकट रंगवून कायमची चिकटलेली. तिथे जी बाई काज करायच्या मशिनीवर बसते तिला सगळ्या काजवालीच म्हणतात, आणि तिच्या शब्दाबाहेर तिथे सुईसुद्धा हलत नाही. मी फोटोचं सांगताच तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, "या अवतारात? आधी पंखा लावा, पाठ टेकायला खुर्च्या द्या, मग काढा हवे तेवढे फोटो. असलं घामेजलेलं तोंड लटकवलं तर शर्ट घेईल कोण?" मी हे जसंच्या तसं मालकांना सांगितलं. त्यांनी तज्ज्ञाकडे बघितलं. तज्ज्ञ म्हणाला, पंखा ओळखीच्या खर्चात बसत नाही.

तिकडे छापखानेवाला फोटोसाठी खोळंबलेला, इकडे माझी नोकरी टांगणीला, आणि माझ्या फोनमध्ये तू. मागच्या खेपेला आले होते तेव्हा तू खिडकीपाशी बसली होतीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर कापड, सगळा जीव बोटांत एकवटलेला. आता तू काकांची पॅंट धुवायला टाकण्याआधी तिचे खिसे तपासत होतीस हे तुला, मला आणि काकांना ठाऊक. तज्ज्ञाला कुठून असणार? तो फोटो बघून खुर्चीतून उठलाच. काय ही एकाग्रता, म्हणाला, काय हे कष्टाळू हात! मी "अहो, पण" एवढंच म्हणाले, आणि तेही मनातल्या मनात.

मावशी, तू प्रत्येक शर्टावर आहेस. दुकानांच्या काचेत तर दुमजली आहेस. आणि लोक वेडे झाले गं! तुझ्या नावाने पत्रं येतात. एकाची कॉलर टोचते, त्याबद्दल त्याने तुला प्रेमाने समज दिली आहे. एका मुलाने आपल्या विधुर वडिलांसाठी तुझी चौकशी केली आहे (हाच तो गाळायचा भाग). पण बहुतेकांना तुझीच काळजी. या बाई अशा वाकून का बसल्यात, उजेड कमी आहे का, पाठीला टेकू आहे का, रजा मिळते का? पत्रांचा ढीग बघून मालक आधी घाबरले, मग फुलले. त्यांनी मला बोलावून विचारलं, या बाई आहेत कुठे? मी म्हटलं, गुडघ्यामुळे रजेवर. "पगारी?" मी म्हटलं, अर्थात. आता पगारी रजा नसताना तू पगारी रजेवर कशी असणार? म्हणून ती आधी सुरू करावी लागली, आणि सुरू केली ती सगळ्यांनाच लागू झाली. मग तू परत आल्यावर गिऱ्हाइकं तुला भेटायला येणार म्हणून पंखे आले, दिवे आले, खुर्च्या आल्या. खिडकी खरवडून उघडली. पहिल्यांदा वारा आत आला तेव्हा बायका काम टाकून खिडकीपाशी गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मला तर रडूच आलं.

मग मला राहवेना. मी काजवालीला एकीकडे घेऊन सांगून टाकलं की ही माझी मावशी, हिला साधी गुंडी लावता येत नाही, हिच्या नवऱ्याच्या शर्टाला पिना असतात. ती म्हणाली, "आम्ही काय आंधळ्या आहोत? इथं कोण बसतं ते आम्हाला माहीत नाही होय? पण राहू दे. आमच्या तोंडाकडे बघून कधी पंखा आला नाही. हिच्या तोंडाकडे बघून आला." तिथे आता तुला थोरली म्हणतात.

तर असं सगळं आहे. राग मानू नकोस. काकांना नमस्कार सांग, आणि गुडघ्याला जप.

तुझी लाडकी (अजून असेन तर)
भाची

ता. क. येत्या शनिवारी तू रजेवरून कामावर रुजू होणार आहेस. गिऱ्हाइकं येणार, तज्ज्ञ भाषण करणार. फोटोतलेच कपडे घालून ये. मशीन चालवायची नाही, नुसतं बसायचं. हे मला मालकांनी लिहायला सांगितलंय.

आणखी एक ता. क. हे मालकांनी सांगितलेलं नाही. पंखे आले, पण मजुरी होती तिथेच आहे. पत्रांच्या भरात मालक चारचौघांत बोलून गेलेत की थोरली सांगेल ती मजुरी सगळ्यांना देऊ. त्यांचा भरवसा तुझ्या चेहऱ्यावर आहे. बाई समाधानी दिसते, थोडक्यावर खूश होईल, असं ते हिशेबनिसाला म्हणताना मी ऐकलं. मावशी, दंतवैद्याने कवळीचा भाव सांगितल्यावर "खालची नको, नुसत्या वरचीचं बोला" म्हणून त्याला घाम फोडणारी तू! तेव्हा शनिवारी मशिनीवर बसायला येऊ नकोस, भाव करायला ये. बायकांनी आकडा ठरवलाय. मी पडले कंपनीची नोकर, तो मी लिहिणं बरं नाही. काजवाली तुला स्टॅंडवर घ्यायला येईल, ती सांगेल. तू त्याच्या दुपटीपासून सुरू कर.

शेवटचा ता. क. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, आणि राहू नये अशीच माझी इच्छा आहे. बायकांनी आपापले फोटो काढून ठेवलेत, आणि ते टॅगवर जायचे तर तुला सगळ्यांसमोर सांगावंच लागेल की शर्ट तू नाही, यांनी शिवलेत. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. माझं अंथरूण तुमच्या माडीवर घालून ठेव. फक्त एवढं कर. मजुरीच्या करारावर मालकांची आणि बायकांची सही होईपर्यंत, माझे आई, जीभ दाताखाली धर.