गाद्या, लोड, रॅकेट आणि राहिलेली एक सही

मी, मेघना हरिश्चंद्र चुरी, वय बावन्न, राहणार बोळिंज, विरार पश्चिम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहिते. आरंभीच एक तक्रार. वकीलसाहेबांच्या कार्यालयातली खुर्ची इतकी उंच आहे की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. अठरा वर्षे मी देहाधारित मानसोपचार करते आणि शिकवते. म्हणजे माणसाने गिळलेले दुःख त्याच्या खांद्यात, जबड्यात, श्वासात शोधते. "आधी पाय टेकवा, मग बोला," हा आमचा पहिला धडा. आणि आयुष्यातला सर्वांत गंभीर कागद मी लोंबकळत लिहिते आहे. वारसांनी नोंद घ्यावी.

माझे मन शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी रक्तदाब मोजून दिला. मनाची चौकशी दंडापासून सुरू करणारी तालुक्यात मी एकटी नाही, हे पाहून बरे वाटले.

१. राहता फ्लॅट भाऊ उमंग यास. "ताई, तुझ्याकडे लोक पैसे देऊन रडतात?" असे तो दर दिवाळीला विचारतो. रडतात. त्याच रडण्यावर हा फ्लॅट घेतला आहे, तेव्हा भिंतींना ओल आली तर कुरकुर करू नये.

२. बँकेतील ठेवी भाची दिपिका हिच्या शिक्षणासाठी. विषय तिने निवडावा, तिच्या आईने नव्हे.

३. सहा गाद्या, चार लोड व गादीवर आपटून राग काढायची जुनी बॅडमिंटन रॅकेट माझी विद्यार्थिनी संजना हिला. पैकी एक गादी सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथभाऊ यांस. धपाधप आवाज ऐकून ते दारात आले होते. "मॅडम, रहिवासी जागेत कापूस पिंजायला मनाई आहे." मी आत नेऊन सगळे समजावले. त्यांनी शांतपणे गाद्या मोजल्या आणि विचारले, "बरं, मग सिंगल केवढ्याला?"

४. माझ्याकडे येणाऱ्यांच्या नोंदवह्या न उघडता जाळाव्यात. उमंगने लांब उभे राहावे. त्यात त्याच्या ओळखीचे बरेच आहेत.

५. संजना मनवेलपाड्याची. शिक्षण पूर्ण झाले, पण गुरूच्या सहीशिवाय तिला स्वतंत्र काम करता येत नाही आणि ती सही मी दोन वर्षे अडवून धरली आहे. माझी आई शांता गेल्यावर चौथ्या दिवशी मी वर्ग घेतला. विषय होता, शोक शरीरात कुठे साठतो. संजनाने सगळ्यांसमोर विचारले, "मॅडम, तुम्ही श्वास कधी सोडणार?" मी म्हटले, "वर्ग माझा आहे." तिच्या फॉर्मवर शेरा मारला: निरीक्षण कच्चे. घरी आरशात पाहिले, तर खांदे कानांना भिडलेले. आता सही केलेला तो फॉर्म कपाटात आहे. माझ्या पश्चात तो माझ्या माफीसह तिला द्यावा.

६. कलम पाचमधील शेवटची दोन वाक्ये रद्द. काल हा मजकूर शेजारीण व साक्षीदार हेलन हिला वाचून दाखवला.

"म्हणजे त्या पोरीने तुझ्या मरणाची वाट बघायची?"

"तसं नाही गं."

"तुझी आई पंच्याऐंशी वर्षं जगली, मेघना. पोरीला नातवंडं होतील तोवर. माफी मागायची एवढी लाज, की त्यापेक्षा मेलेलं बरं?"



आज सकाळी मनवेलपाड्याला जाऊन आले. दारातच फॉर्म काढला, 'कच्चे' खोडून 'अचूक' लिहिले, खाडाखोडीपाशी छोटी सही केली. "चुकले गं," म्हटले. संजनाने ते वाचले, सवयीने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "मॅडम, बसा. चहा ठेवते."

बसले.

स्थळ: विरार
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५
सही: मेघना हरिश्चंद्र चुरी
(कलम पाचमधील खाडाखोड माझ्याच हातची. मे. ह. चु.)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. हेलन क्लेमेंट तुस्कानो
२. डॉ. कल्पेश राऊत