खासदार हुडाक यांनी वगळलेले मतदार

११ नोव्हेंबर १९९१, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. एका वहीत मावेल असं वाटत नाही.

आज केलर्सबर्गला माजी सैनिकांची मिरवणूक. अकरा वेळा निवडून आलेल्या खासदाराला चौथ्या गाडीत बसवलं. पहिल्या गाडीत महापौर. दुसऱ्या गाडीत भोपळ्यांच्या स्पर्धेत पहिला आलेला शेतकरी. तिसऱ्या गाडीत त्याचा भोपळा. लोक भोपळ्याला हात करत होते.

संकल्प: यापुढे कोणालाही माफ करायचं नाही. बावीस वर्षं केलं, पुरे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

योग जुळून आला. नव्या जनगणनेत आमच्या राज्याची माणसं कमी भरली, म्हणून सगळ्या मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखायच्या आहेत. आखणाऱ्या समितीवर विल्बर स्टॉफर. विल्बर आपला माणूस, त्याच्या मेव्हण्याला मी पोस्टात चिकटवलंय. त्यानं नकाशा पाठवून दिला. म्हणाला, एमिल, रेघ कुठून न्यायची ते तूच सांग.

लाल पेन्सिल घेतली आणि माझ्या वीस नंबरच्या मतदारसंघातून केलर्सबर्ग वगळलं. शेजारच्या एकोणीस नंबरच्या मतदारसंघात ढकललं. आता तिथल्या खासदार गिबन्सनं बसावं भोपळ्याच्या मागे. (१९७८ साली याच गिबन्सनं समितीतली माझी खुर्ची पळवली. विसरलेलो नाही.)

लोरेटा बावीस वर्षं माझं ऑफिस सांभाळते, पण राजकारण तिला कळत नाही. फोनवर म्हणाली, साहेब, केलर्सबर्गात शंभरातली ऐंशी मतं आपली असतात. मी विचारलं, आणि उरलेले वीस?

रक्तदाब उतरला.

२ डिसेंबर, सोमवार

मार्लिन हॉलोला सभा होती. हजर: मी, लोरेटा, पाळकाची बायको. हरणांच्या शिकारीचा आज पहिला दिवस, झाडून सगळे पुरुष रानात. पाळकसुद्धा. लोरेटा म्हणते, तिनं आधीच सांगितलं होतं. सांगितलं असेल. पण खासदार दोन वर्षांतून एकदा येतो, हरणं काय रोजच असतात.

मार्लिन हॉलो वगळलं.

१८ डिसेंबर, बुधवार

झिगीच्या दुकानात केस कापायला गेलो. तीस वर्षं माझे केस झिगीच कापतो. दुकान भरलेलं. झिगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, एमिल, मागून चांगलंच चकचकायला लागलंय रे, वॉशिंग्टनमध्ये आमच्याकडे पाठ करून बसतोस त्याचं ऊन लागलं का? सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागतं. नंतर त्यानं मानेवर पावडर मारली आणि पुढच्या वेळी थोडे आधी ये म्हणाला.

पुढची वेळ येणार नाही. झिगीचा तिसरा वॉर्ड अख्खा वगळला. केस आता माझी बायको डोलोरेस कापेल.

२२ डिसेंबर, रविवार

डोलोरेसनं केस कापले. नाताळभर टोपी घालायचं ठरवलं आहे.

३ जानेवारी १९९२, शुक्रवार, सकाळ

शेजारचा स्टीव्ह ओंद्रेय्को. मेपल स्ट्रीटवर त्याचं घर ४१, माझं ४३. रात्री बर्फ पडलं की सकाळी तो आपल्या दारातलं उचलतो आणि माझ्या दारात लोटतो. वारा तिकडचा आहे म्हणतो. तेही सोसलं. पण काल चर्चमध्ये तो कोणाला तरी सांगत होता, एमिल माणूस चांगला आहे, पण झालं की आता, किती वर्षं.

किती वर्षं ते मी ठरवणार.

दुपार

स्टॉफरच्या नकाशावाल्या गृहस्थाला फोन केला. म्हणाला, एकेकटं घर कापता येत नाही, जनगणनेच्या गटाप्रमाणे रस्त्याची एक अख्खी बाजू जाते. म्हटलं, मग घालवा बाजू. म्हणाला, विषम आकड्यांची संपूर्ण बाजू? म्हटलं, संपूर्ण. नक्की ना, असं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी ऐकवलं की तुम्ही पट्टीनं रेघा मारायला शिकत होतात तेव्हा मी कायदे करत होतो. मग निमूटपणे लिहून घेतलं.

४१ नंबरचा विषय संपला.

२७ जानेवारी, सोमवार

नकाशा मंजूर! वगळलेल्या मतदारांच्या जागी नदीपलीकडचं मिल क्रीक आणि भोवतालची खेडी मिळाली. नवी माणसं, अजून एकानंही माझा अपमान केलेला नाही.

आमच्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर नकाशा छापून लिहिलं आहे की वीस नंबरचा मतदारसंघ आता कोणीतरी वर बसलेल्या तळणीच्या तव्यासारखा दिसतो. पेपर बंद केला. डोलोरेस स्टीव्हच्या बायकोकडे जाऊन वाचते, हे मला माहीत आहे.

पक्षातूनच कोणी तेरेसा वार्गो माझ्याविरुद्ध उभी राहिली आहे. गुरांची डॉक्टर. आमच्याकडे पक्षातली प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक नावालाच उरते, म्हणून तिला मे महिन्यातच कायमची घरी बसवावी लागेल. गाईंना मतं नाहीत, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कोर्टहाउसातून मतदाराचं नवं कार्ड आलं. माझ्या नावापुढे छापलंय: मतदारसंघ १९. खुद्द वीस नंबरच्या खासदाराला! ही हॅरिएट प्रुइट गेली सहा वर्षं नोंदणी ऑफिसात बसून काय करते ते आज कळलं. कार्ड शेगडीत टाकलं. हॅरिएटचं नाव माफ न करायच्यांच्या यादीत टाकलं. जिंकल्यावर पाहू.

लोरेटा दोनदा म्हणाली, साहेब, मेपल स्ट्रीटच्या त्या बाजूबद्दल जरा बोलायचं होतं. म्हटलं, मला माझ्याच रस्त्याचा भूगोल शिकवू नको. रागावली बहुतेक. तिचं नाव अजून यादीत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालू आहेत, मांस वर्ज्य, म्हणून मिल क्रीकच्या अग्निशमन हॉलमध्ये मासे तळतात. भरपूर गर्दी. दारात फलक: 'स्वागत, मि. हडसन'. बावीस वर्षांत हुडाकचा हडसन कोणी केला नव्हता. तरी दीडशे लोकांशी हस्तांदोलन केलं. त्यांच्या एका हातात थाळी, दुसऱ्या हातात मासा, त्यामुळे हस्तांदोलन बरंचसं कोपरांशी झालं. एक बाई म्हणाली, तुम्ही विमा विकता ना?

वार्गोबाई काउंटरमागे एप्रन घालून मासे तळत होती. प्रत्येकाला नावानं हाक मारत होती. त्यांच्या गाईंचीही नावं तिला पाठ. एकाला म्हणाली, डेझीचा पाय कसा आहे रे? तो माणूस जवळजवळ रडला. ही असली स्वस्त लोकप्रियता टिकत नाही.

उपाशीच निघालो. वाटेत केलर्सबर्गचा हॉल लागला, त्यांच्याकडे पियेरोगी असतात, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. तिथल्या बायका म्हणाल्या, एमिल, किती वाळलास रे, आणि केसांना काय झालं? बळेच दुसऱ्यांदा वाढलं, वर कांदाही परतून घातला. मी सगळं खाल्लं आणि मुद्दाम आभार न मानता बाहेर पडलो. बसली असतील विचार करत.

३० एप्रिल, गुरुवार

फोनवरून घेतलेल्या चाचणीत मी नऊ टक्क्यांनी मागे. लोरेटाचा आवाज बसला होता. मी तिला समजावलं: फोन उचलतो तो रिकामटेकडा माणूस. माझे मतदार कामावर असतात. ती म्हणाली, साहेब, आपले मतदार आता एकोणीस नंबरात असतात.

यादीत नाव टाकलं. पेन्सिलीनं.

१२ मे, मंगळवार, सकाळी ७.४०

प्रायमरीचा दिवस. निळा सूट. टीव्हीवाले शाळेच्या हॉलपाशी येऊन थांबलेत, खासदार मत टाकताना चित्र हवंय म्हणे. डोलोरेस नंतर जाणार. विजयाचं भाषण तीन पानांचं आहे, त्यातली सव्वादोन पानं नावानिशी हिशोब चुकते करण्याची. आज एकेकाला हात दाखवतो.

९.१५

मत टाकलं.

टेबलाशी बर्टा कोलेसार बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, मला लहानपणी चर्चच्या वर्गात शिकवलंय. तिनं मतपत्रिका दिली. त्यावर माझं नाव नाही. गिबन्स, आणि त्याच्याविरुद्ध कोणी एक. मी म्हटलं, बर्टाबाई, छपाईची चूक आहे. तिनं चष्मा लावला, नकाशा उलगडला आणि मेपल स्ट्रीटवर बोट ठेवलं. रेघ रस्त्याच्या बरोबर मधून. सम आकडे वीस नंबरात, विषम आकडे एकोणीसमध्ये. ४३ विषम आहे. हे मला ठाऊक होतं, पण असं कधी वाटलं नव्हतं.

बर्टा म्हणाली, कोणा गाढवानं ही रेघ मारली देव जाणे, पोरा. कॅमेरा चालू होता. मी म्हणालो, हो ना.

आत गेलो. पेन्सिल हातात. मतपत्रिकेवर गिबन्सचं नाव. तो १९७८ सालचा चेहरा डोळ्यांपुढे आला. म्हटलं, जाऊ दे, निदान एवढं तरी उट्टं काढू. गिबन्सच्या विरुद्ध जो कोणी होता त्याला मत दिलं. त्याचं नाव आता आठवत नाही. बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे अंगठा उंचावला.

१४ मे, गुरुवार

सहाशे अकरा मतांनी पडलो.

कारणं: १) मासे. २) हॅरिएट. ३) हडसनच्या नावानं मतं गेली असणार, फेरमोजणी मागावी. लोरेटा म्हणाली, हडसन नावाचं कोणी उभंच नव्हतं.

१९ मे, मंगळवार

लोरेटा खोकी भरून द्यायला आली होती. जाताना कोर्टहाउसचा अधिकृत निकाल टेबलावर ठेवला. एकोणीस नंबरचा. मी म्हटलं, तो कशाला? म्हणाली, वाचा.

मतपत्रिकेच्या तळाशी एक कोरी ओळ असते. नाव छापलेलं नसेल त्याचं हातानं लिहिता येतं. असलं मत फुकटच जातं, म्हणून कोणी लिहीत नाही. केलर्सबर्गात चारशे सात लोकांनी हुडाक लिहिलं. मार्लिन हॉलोत एकशे बारा. तिसऱ्या वॉर्डात तीनशे नव्वद. झिगीनं म्हणे खुर्चीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं स्पेलिंग शिकवलं, तरी सात तऱ्हांनी लिहिलं गेलं. हॅरिएटनं सातही तऱ्हा मोजल्या. एकूण नऊशे नऊ. पडलो सहाशे अकरांनी. वजाबाकी तीनदा केली.

या सगळ्यांना मी माझ्या हातानं घालवलं होतं. त्यांना ते माहीत नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

शेवटची ओळ मेपल स्ट्रीटची. विषम बाजू. मतदान झालं एकोणीस. हुडाक: अठरा.

डोलोरेसनं कागद माझ्या हातातून घेतला. म्हणाली, मी लिहिलं, तू तर लिहिलंच असणार, मग हा एकटा न लिहिणारा कोण? बोटांवर सगळी घरं मोजली. स्टीव्हपाशी थांबली. त्यानं त्या दिवशी आपल्या गाडीतून रस्त्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना मतदानाला नेलं, म्हणून त्याच्यासाठी तिनं सकाळीच अक्रोडाचा रोल भाजला होता. म्हणाली, तोंडावर एवढं गोड आणि आतून असा! रोल परत कपाटात ठेवून दिला.

लाज वाटली. ती अंगणात गेल्यावर कपाट उघडून दोन तुकडे खाल्ले. अक्रोड भरपूर घातले होते.