इग्वानोडॉनच्या नाकावरचं शिंग

रविवार, ३ नोव्हेंबर १९६३. अश्केलोन, इस्राएल.
आजपासून रोज लिहायचं. ही वही कुणी वाचायची नाही. वाचणारं घरात आहे तरी कोण? बायको, सिम्हा, म्हणते तुमचं अक्षर लागत नाही. मुलगी शुलामित मराठीत विचारलं तर हिब्रूत उत्तर देते.
कारखान्यात आज एकशे बारा पाइप तपासले. नऊ बाद. बाद पाइपावर मी लाल चिठ्ठी चिकटवतो, ‘पसूल’. म्हणजे नापास. हा अधिकार अख्ख्या कारखान्यात फक्त एलायजा चेऊलकरला. मुंबईत चौदा वर्षं म्युझियम लाइनमध्ये होतो, नजर तयार आहे. (दारावर लोकांच्या छत्र्या नि पिशव्या सांभाळायचो. पण दार म्युझियमचंच होतं ना?)
येताना बाजारातल्या रुमानियन दुकानदाराकडे प्लास्टिकचे डायनोसॉर बघितले. गाई-मेंढ्यांच्या पिशवीत कोंबलेले! एकाची तर शेपटी हवेत. शेपटी जमिनीवरून फरफटत जाते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, घ्यायचं तर घ्या, नाहीतर हात लावू नका. अडाणी. चार घेतले. कपाटात आता एकूण एकतीस.

सोमवार, ४ नोव्हेंबर.
लिहायला वेळ नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर.
शुलामितने एक मुलगा घरी आणला. अमोस. शाळेत निसर्ग हा विषय शिकवतो. आईबाप रुमानियाचे. पाहुणा म्हणून आला तोही हाफ पँटमध्ये. हा शिक्षक!
मला एक पाकीट दिलं. न्यूयॉर्कच्या मावसभावाकडून खास मागवलेले चौदा डायनोसॉर. सरळ सरळ लाच. ठेवून घेतली.
लगेच तपासणी. चौदापैकी तेरा पसूल, तेरा लाल चिठ्ठ्या लावल्या. एक पास झाला, पण तो कासव निघाला.
सगळ्यात भयंकर म्हणजे तीन इग्वानोडॉन. नाकावर शिंगच नाही! उलट हातांच्या अंगठ्यांवर खिळ्यासारखं काहीतरी. अमोससमोर ग्रंथ काढला. ग्रंथ म्हणजे सिम्हाच्या आजोबांना रेवदंड्याच्या मिशन शाळेत बक्षीस मिळालेलं इंग्रजी पुस्तक, १८६४ चं. आमच्या लग्नात माझ्याकडे आलं. देश सोडताना सिम्हाने पाटा-वरवंटा आणला, मी ग्रंथ आणला. पान ८८, इग्वानोडॉन, नाकावर शिंग, स्वच्छ चित्र.
अमोस बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. मग शुलामितकडे बघितलं. मग म्हणाला, पुस्तक फार जुनं आहे आणि फार सुंदर आहे. हरला बिचारा. टेबलाखाली कुणीतरी कुणालातरी लाथ मारली असं वाटलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर.
तिन्ही इग्वानोडॉनचे अंगठे ब्लेडने कापून नाकावर चिकटवले. काय शोभतात! माझं बोटही कापलं. चूक अमेरिकेची, रक्त माझं.

मंगळवार, ३ डिसेंबर.
अमोसने सगळ्यांना सिनेमाला नेलं. पडद्यावर डायनोसॉर. डायनोसॉर कसले, घोरपडीला पाठीवर पुठ्ठ्याचे पंखे चिकटवलेले! आणि तिच्यापुढे कातडं नेसून किंचाळत पळणाऱ्या बाया. अरे, माणूस जन्मायला अजून कोट्यवधी वर्षं होती! मला राहवेना. उभा राहून सांगितलं. पहिल्यांदा मराठीत, मग इंग्रजीत, मग जमेल तसं हिब्रूत. लोकांनी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं फेकली. दोन माणसं मला सन्मानाने दारापर्यंत घेऊन गेली. मागून टाळ्यांचा कडकडाट.
शुलामित घरी येईपर्यंत बोलली नाही. भारावली असेल.

रविवार, ५ जानेवारी १९६४.
मोठी बातमी! पुरीमच्या सणाला कामगार समितीतर्फे मिरवणूक. विषय : प्राचीन प्राणी. जेरुसलेमजवळ डायनोसॉरच्या पावलांचे ठसे सापडले तेव्हापासून सगळ्या देशाला उत्साह आलाय. पहिला नंबर येईल तो प्राणी गावच्या लायब्ररीत कायमचा ठेवणार.
लायब्ररी म्हणजे अर्धं म्युझियमच. एकदा माझं काम तिथे दिसलं की तेल अविवहून बोलावणं येणार. मग पाइप गेले खड्ड्यात.
ठराव. एक, जगातला पहिला साइंटिफिक इग्वानोडॉन बनवायचा, नऊ फुटी. दोन, रोज दोन तास. तीन, अमोसची मदत घ्यायची नाही.

मंगळवार, ७ जानेवारी.
अमोसला तार वाकवायला बसवलं. ही मदत नव्हे, हमाली.

रविवार, १२ जानेवारी.
पोट झालं. वर्तमानपत्रं आणि मैद्याची खळ. सिम्हा म्हणते मैदा घरात खायला ठेवा. हिला विज्ञानाचं काही नाही. आज अमोसने हळूच विचारलं, इग्वानोडॉनला अंगठे करायचे का? मी नुसता हसलो. पुन्हा विचारलं नाही त्याने.

रविवार, २६ जानेवारी.
शिंग उभं राहीना. इथली वर्तमानपत्रं म्हणजे निव्वळ पापड, ओली झाली की लोळण घेतात. शिंगाला जुना, जाड, विलायती कागद पाहिजे. विचार करता करता ग्रंथ हातात आला. शेवटी एक कोरं पान आहे. अगदीच कोरं नाही, मोडीत कसलीशी गिचमिड आहे. काढ्यांची यादी असावी. मला मोडी येत नाही, सिम्हालाही नाही, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. कात्रीने सरळ रेषेत कापलं, पाच पट्ट्या केल्या, लिहिलेली बाजू आत घेऊन गुंडाळलं. वरून हिरवा ऑइलपेंट.
वा! ग्रंथाचं शिंग ग्रंथाच्याच कागदाचं. डोळे भरून आले.

रविवार, ९ फेब्रुवारी.
आज कुठे डोकं ठिकाणावर आलंय. शुलामित आणि अमोसचं लग्न ठरलं. (मी जानेवारीतच होकार दिला होता, म्हणजे सिम्हाने दिला होता.) नोंदणीला गेलो. रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीत दाढीवाला कारकून. अमोसला दोन प्रश्न. मग आमच्याकडे वळला. कुठले? हिंदुस्थानचे. ज्यूपण आईकडून येतं, मग मुलीच्या आईची आई कोण? तिची आई कोण? तिचीही आई कोण? लग्नं कुणाशी झाली? कागद आहेत?
म्हणजे आम्ही ज्यू आहोत हे आम्ही सिद्ध करायचं! अरे, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून अख्खं कोकण आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. तेल्यांना ठाऊक होतं, कोळ्यांना ठाऊक होतं, आणि याला कागद पाहिजे! नुसतं तोंड बघून माणसाला पसूल ठरवतात. मी निदान पाइप मोजतो तरी.
शुलामित रस्त्यात रडली. हिब्रूत नाही, मराठीत. “आई, आपण कोण मग?” असं विचारलं तिने. मला तोंड वर करवेना.
अमोस म्हणाला, सायप्रसला जाऊन लग्न करू, तिथे असले कागद मागत नाहीत. सिम्हा म्हणाली, पळून जाऊन नाही. माझ्या दारात मेंदी लागेल, तेव्हाच लग्न.
पण कागद कुठून आणायचे? रेवदंड्याला कोण कागद करत होतं!

गुरुवार, २७ फेब्रुवारी. पुरीम.
विजय! ट्रॅक्टरच्या गाडीवर माझा इग्वानोडॉन, शिंग आभाळात. दुतर्फा पोरं ‘गेंडा! गेंडा!’ म्हणून ओरडत होती. इथल्या शाळांत काय शिकवतात कुणास ठाऊक. परीक्षकांनीही ‘सर्वोत्कृष्ट गेंडा’ म्हणून पहिलं बक्षीस दिलं. परीक्षकही पसूल. पण बक्षीस ते बक्षीस. प्राणी लायब्ररीत पोचला. लायब्ररीच्या बाई अहुवा म्हणाल्या, दारातून आत येताना शिंग अडतंय, जरा कापू का? मी म्हटलं, दार कापा. दाराची चौकट काढली.
पेताह तिक्वाहून सिम्हाचे हासाजीमामा आलेत. वय ऐंशी, तोंडात एक दात, पण तोंड बंद नसतं.

रविवार, १ मार्च.
जेवताना सिम्हाने मामांना कचेरीचं सगळं सांगितलं. मामा म्हणाले, एवढंच ना? माझ्या बापाने चार पिढ्या लिहून ठेवल्यात. आईची आई, तिची आई, कुणाचं लग्न कुणाशी, कुठल्या साली, सगळं. खाली सिनेगॉगच्या मुकादमाची सही. घरात चांगला कागद नव्हता, म्हणून त्या इंग्रजी पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलं, मोडीत. आण गं सिम्हा ते पुस्तक.
मी म्हटलं, आधी जेवून घेऊ.
सिम्हाने ग्रंथ आणला. मामांनी शेवटचं पान उघडलं. पान नव्हतं. मी म्हटलं, कसर लागली असेल. मामा म्हणाले, जावईबापू, कसर कात्रीने सरळ रेषेत खाते काय?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. शुलामितचं बघणं मी इथे लिहीत नाही.

सोमवार, २ मार्च.
कामावर गेलो नाही. लायब्ररीत गेलो. मी, सिम्हा, शुलामित, मामा, आणि करवत घेऊन अमोस. अहुवाबाईंना वाटलं दाराचं काम करायला आलोत.
एक शेवटचा प्रयत्न म्हणून सुचवलं, अख्खं शिंग कशाला, वरच्या टोकाचा तुकडा पाहून घेऊ. सिम्हाने करवत माझ्या हातात दिली. म्हणाली, तुम्ही लावलंत, तुम्हीच काढा.
कापलं. मुळापासून. लोक जमले होते, एका पोराने विचारलं गेंड्याला काय झालं. अमोस नाक घासून गुळगुळीत करत होता. खालच्या आवाजात म्हणाला, आता बरोबर झालाय. मी म्हटलं, काय बरोबर? त्याने शाळेचं पुस्तक काढलं. इग्वानोडॉन. नाक साफ. अंगठे खिळ्यासारखे. खाली लिहिलेलं, शिंग समजले गेलेले हाड हे अंगठ्याचे आहे, हे ऐंशी वर्षांपूर्वीच सिद्ध झाले.
विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाला, पान ८८ बघितलं त्या दिवसापासून. मग बोलला का नाहीस? म्हणाला, मला शुलामित पाहिजे होती.
पोरगा तेवढाही वाईट नाही.

मंगळवार, ३ मार्च.
शिंग कालपासून परातीत, कोमट पाण्यात. खळ सुटली. पाच पट्ट्या सिम्हाने पोळपाटावर लावल्या. लिहिलेली बाजू आत होती म्हणून वाचली. (हे माझं डोकं, पण आज कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नाही.) मामा बोट फिरवत वाचत गेले. सिम्हाची आई. तिची आई रेबेका. तिची आई सारा, चौलची. तिची आई हन्ना. एकेक नाव आलं की सिम्हा पदराने डोळे पुसायची. शुलामित सगळं लिहून घेत होती, मराठीत. तिला मराठी लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
मग मामा थांबले आणि हसायला लागले, एकच दात दाखवत. सहीच्या खाली आणखी एक ओळ आहे म्हणाले. नका वाचू असं मी म्हणणार होतो. त्यांनी वाचली.
“पुस्तकातील चित्रे चुकीची आहेत असे नवे मास्तर सांगतात. पोरांस दाखवू नये. कागद बरा, म्हणून ठेविले.”

सोमवार, १६ मार्च.
पुठ्ठ्यावर डकवलेलं पान, मामांचं वाचन, वकिलाचा शिक्का, सगळं घेऊन कचेरीत. कारकुनाने पान उजेडात धरलं. विचारलं, हा हिरवा रंग कसला? शुलामितने हिब्रूत सगळं सांगितलं, सिनेमाच्या टरफलांसकट. कारकून हसून हसून दाढीत बुडाला. पण मग डोळे पुसून पुन्हा एकेका नावावर बोट ठेवून बघायला लागला. हन्ना. सारा. रेबेका. आम्ही चौघं समोर उभे. एवढी वर्षं पाइप तपासतोय, पण पाइपाला कसं वाटत असेल हे आजच कळलं. राग आला, लाज वाटली, आणि भीती सगळ्यात जास्त वाटली.
म्हणाला, जेरुसलेमला पाठवतो. थांबा.

बुधवार, ८ एप्रिल.
उत्तर आलं. लग्नाची तारीख मिळाली, ३० एप्रिल, लाग बाओमेरच्या सणाचा दिवस. सिम्हाने एलियाहू हानाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता, पोहे, नारळ, खजूर आणायला मलाच पिटाळलं. मामा पेताह तिक्वाला परत जायचं नाव घेत नाहीत.

बुधवार, २९ एप्रिल.
घरात मेंदी. मला कुणी काही विचारत नाही, काम सांगतात.
सकाळी लायब्ररीत डोकावलो. प्राणी बरा दिसतो. अमोसच्या वर्गाने अंगठे बसवलेत. पाटीवर लिहिलंय, ‘इग्वानोडॉन. अमोस यांच्या चौथीच्या विद्यार्थ्यांनी दुरुस्त केलेला.’ तेल अविवहून कुणी आलं होतं का विचारलं. अहुवाबाई म्हणाल्या, सुतार आला होता, चौकटीच्या कामाला.
घरी येऊन कपाट उघडलं. सगळ्या डायनोसॉरवरच्या लाल चिठ्ठ्या एकेक करून खरवडून काढल्या. तीन इग्वानोडॉनच्या नाकावरून अंगठे उपटले, नाकं थोडी आलीच बरोबर. अमोस म्हणतो मातीचे नवे अंगठे करून देईन, लग्नानंतर.
कारखान्यातून आणलेल्या ‘पसूल’च्या चिठ्ठ्यांची डबी पण साफ केली. एक उरली होती. घरभर फिरलो. सिम्हा नारळ खवत होती, शुलामित हात सुकवत बसली होती, मामा घोरत होते. लावण्यासारखं कुणी दिसलं नाही.
शेवटी या वहीच्या पुठ्ठ्यावर लावली. व्यवस्थित बसली.