दाराआडचं गाऱ्हाणं

तारकर्ली,
रविवार, दुपार

ती. चारुताताईंना शर्मिष्ठाचा वाकून नमस्कार. (पुढ्यात ओल्या काजूंची परडी असल्यामुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही, पण वाकले असं समजा.)

तुम्ही, भावोजी आणि मैथिली ठाण्यात सुखरूप असाल. तुमची मान आता कशी आहे? माईंनी पाठवलेलं तेल लावता ना? लावत नसलात तरी फोनवर लावते म्हणून सांगा, कारण त्या रोज संध्याकाळी मला विचारतात आणि मी रोज हो म्हणते, तेव्हा आपल्या दोघींचं एकच असलेलं बरं. इकडे सगळे मजेत आहोत. नारळ यंदा बरे आहेत, बांगडा महाग आहे, तुमचे बंधू कचेरीत वेळेवर जातात आणि घरी वेळेवर येतात, आणि माईंची तब्येत त्यांच्या सुनेपेक्षा चांगली आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त माईंच्या खोलीच्या खिडकीत, आणि त्या खिडकीत माई बसलेल्या असतात. मेसेज करावा तर आमची केतकी पहिलीत गेल्यापासून दिसेल ते मोठ्याने वाचते. भावोजींच्या घोरण्याबद्दल तुम्ही मला जे लिहिलं होतंत, ते तिने अंगणात उभं राहून शेजारच्या कॉस्मेला बातम्या दिल्यासारखं वाचून दाखवलं. कॉस्मेने आपुलकीने भावोजींसाठी एक पाला सुचवला आहे, पण तो विषय वेगळा. माझा विषय असा की तो ना माईंसमोर बोलण्यासारखा ना केतकीसमोर वाचण्यासारखा, आणि गंमत म्हणजे त्या दोघींमुळेच तो उभा राहिला.

तर आधी दाराबद्दल. पाहुण्यांसाठी मागच्या बाजूला तीन खोल्या बांधल्या तेव्हा शेवटच्या खोलीला कडी कमी पडली. बाजार बंद होता आणि पाहुणे पोचायच्या बेतात होते. तुमच्या बंधूंनी आमच्या खोलीची कडी काढून तिकडे बसवली आणि म्हणाले, घरच्यांना कडी हवीय कशाला? हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या बायकोला विचारला, हे ध्यानात घ्या. तेव्हापासून आम्हाला दार लावायचं असलं की ते रिकामा गॅस सिलिंडर ओढून दाराला टेकवतात. फरशीवरून सिलिंडर सरकल्याचा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे? आमच्या घरात तो सगळ्यांनी ऐकला आहे. कुत्रासुद्धा मान वर करून बघतो आणि पुन्हा झोपतो.

केतकीने माईंना विचारलं की आई-बाबा सिलिंडर लावून आत काय करतात. आता माईंनी काय सांगावं? झोपलेत म्हणावं, हिशेब करतात म्हणावं, भांडतात म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने मी कशी झाले म्हणून विचारलं होतं, आणि माईंनी सांगितलं होतं, "तुझ्या आवशी-बापाशीन देवाक गाऱ्हाणा घातल्यानी, मगे तू झालंस." तेच उत्तर जिभेवर ताजं होतं, तेच त्यांनी पुन्हा वापरलं. आत काय करतत? गाऱ्हाणा घालतत. झालं, पोरीने दोन आणि दोन चार केले.

आता तिची चूक आहे का सांगा. देवळात भाई मानकरी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतात, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतात, आणि दर वाक्याला सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणून पाठिंबा देतो. पाठिंबा मोठ्याने हवा, नाहीतर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे केतकीला माईंनीच कडेवर घेऊन शिकवलं. त्यात तिला भाऊ हवा आहे. (शेजारच्या मारियानच्या डायलनला झाला तेव्हापासून हवा आहे, आधी कोंबडी हवी होती.) मग एका रविवारी दुपारी जेवणं आटोपली, माई पडल्या, केतकी शेजारी खेळायला गेली अशी माझी समजूत होती, आणि सिलिंडर सरकला. पुढचं तुम्ही वडीलधाऱ्या आहात, समजून घ्या. थोड्या वेळाने दाराच्या पलीकडून, अगदी फटीला तोंड लावून, खणखणीत आवाज आला, होय म्हाराजा.

तुमच्या बंधूंचा पाय सिलिंडरवर आपटला. अंगठा काळानिळा झाला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी सांगितलं की नारळ पडला. मी पदर तोंडात कोंबून हसत होते, त्यामुळे ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. बाहेर पोरगी थांबून थांबून, भाई श्वास घेतात तेवढा वेळ सोडून, पाठिंबा देतच होती. शेवटी माईंनी आपल्या खोलीतून हाक मारली तेव्हा ती गेली.

तेव्हाच तिला जवळ घेऊन काही सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण कुठून सुरू करायचं? मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा. तुमचे बंधू अडचणीत आले की कचेरीच्या मराठीत शिरतात. म्हणाले, सदर विषय तुझ्या अखत्यारीत येतो, योग्य ती कार्यवाही तूच करावीस. आणि मासे पकडायचं जाळं घेऊन समुद्रावर निघून गेले. ह्या माणसाला जाळं टाकता येत नाही हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक आहे.

मग सांगलीचं एक नवीन जोडपं आलं. नवपरिणीत, लाजरं, मुलीच्या हातावरची मेंदीही उतरलेली नव्हती. दुपारी त्यांनी दार लावलं. केतकी पायरीवर बसली आणि परोपकार म्हणून तिथेही पाठिंबा देऊ लागली. मी स्वयंपाकघरातून धावत जाऊन तिला उचललं तोवर बराच पाठिंबा देऊन झाला होता. ती माणसं भली. जाताना काही बोलली नाहीत, पण इंटरनेटवर लिहिलं की जेवण उत्तम, घरातलं वातावरण अतिशय धार्मिक, दुपारीही नामस्मरण चालू असतं. तेव्हापासून आमच्याकडे निवृत्त मंडळी फार चौकशी करतात.

इथवर हसण्यावारी गेलं. पुढचं सांगताना अजून माझे कान तापतात. शिमग्यात देवळात सगळा गाव जमला होता. गावाची, वाडीची, मुंबैकरांची गाऱ्हाणी झाली आणि भाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी कोणाचं काय राहिलंय? केतकी माईंचा हात सोडवून पुढे गेली.

"भाईनू, आमच्या आई-बाबांन दार लावन खूप गाऱ्हाणी घातल्यानी. देव ऐकणा नाय. माका भाव व्हयो. आता तुमी आमच्या खोलीत येवन घाला."

आणि गावाने, ताई, सवयीने, कोणी काही विचार करण्याआधी, एका आवाजात म्हटलं, "होय म्हाराजा."

मग अर्थ डोक्यात शिरला आणि देऊळ फुटायची वेळ आली. भाईंच्या हातातला नारळ सुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होत्या, पुरुष खांबाआड गेले होते. माईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पोरीला पढवून पाठवलं होतं. तुमचे बंधू मिनिटभरात दिसेनासे झाले. मी मात्र केतकीकडे बघत होते. ती मध्ये उभी होती आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिला कळेना की सगळे का हसतात. तिने इतक्या मनापासून मागितलं होतं.

त्या दिवसापासून पोरगी गप्प झाली. जी पोर खेकडा तिरका का चालतो इथपासून भटजींना घाम का येतो इथपर्यंत सगळं विचारायची, ती काही म्हणता काही विचारेना. सिलिंडर दिसला की लांबून वळसा घालून जायची. माई म्हणाल्या, बरं झालं, अक्कल आली. मला मात्र आतून तुटत होतं. आज ही लाजून गप्प बसली, तर उद्या बारा वर्षांची होईल, तिला काही झालं, कोणी काही केलं, तर ती कोणाकडे येणार? मला माझी बोलकी पोरगी परत हवी होती, मग गाव हसो की माई चिडोत.

म्हणून गेल्या रविवारी ओट्यावर ओले काजू सोलायला बसले आणि तिला शेजारी घेतलं. काजूची साल काढताना बोटांकडे बघावं लागतं, तोंडाकडे नाही, त्यामुळे बोलायला सोपं जातं. मी म्हटलं, देवळात सगळे हसले ते तुझी चूक झाली म्हणून नाही, मोठ्या माणसांनी तुला अर्धवट सांगितलं म्हणून. तिने परडीतला एक काजू उचलून फिरवून पाहिला. मग खाली मान घालून म्हणाली, "मी बारक्या आवाजात म्हटलंय, म्हणान माका भाव गावलो नाय?"

ताई, इतके दिवस ती पोर ते ओझं घेऊन फिरत होती. मला रडू आलं, तिने विचारलं तेव्हा मी काजूच्या चिकावर ढकललं. (चिकाने हात जळतात, डोळे नाही, हे तिला माहीत आहे, पण तिने सोडून दिलं.) मग सांगितलं. की बाळ गाऱ्हाण्याने होत नाही. आईच्या पोटात एक लहानसं बीज असतं, बाबांकडे एक असतं, ती एकत्र आली की बाळ वाढू लागतं. मोठी झालेली, एकमेकांवर प्रेम असलेली माणसं जवळ येतात, आणि तो वेळ त्यांचा दोघांचाच असतो, म्हणून दार लावतात. दार लावलं म्हणजे तुला टाकलं असं नाही. काही लागलं तर टकटक कर, आम्ही येतो. तसंच तुझं अंग तुझं आहे, तुला नको असेल तर कोणी हात लावायचा नाही, आणि कोणी गुपित ठेव म्हणालं तर ते मला पहिल्यांदा सांगायचं. भाषण नाही केलं. काजू आणि वाक्य, काजू आणि वाक्य, असं केलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं आता काहीतरी अवघड विचारणार. तिने विचारलं, मग देव काय करतो? मी म्हटलं, तो सांभाळतो. हे तिला पटलं. मग बोटं मोजून म्हणाली, म्हणजे बाबा आणि चारुताआत्या झाली, तेव्हा माईन पण दार लावल्यान? आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे खिडकीत बांगड्या वाजल्या.

मी मनात म्हटलं, आता संपलं. माई बाहेर आल्या. परडीपाशी बसल्या, एक काजू उचलला, सोलला. केतकी कोंबड्यांमागे पळाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "माका कोणी सांगूक नाय गो. लगीन झाला त्या दिवसापर्यंत माका वाटा, घरकामाक न्हेतत." एवढंच. मी त्यांचा हात धरला. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांचा हात मी पहिल्यांदा धरला असेन. दोघींच्या हातांना चीक होता, त्यामुळे लगेच सोडताही आला नाही.

असो. परडी संपत आली. भावोजींना नमस्कार, मैथिलीला पुष्कळ आशीर्वाद.

तुमची भावजय,
शर्मिष्ठा

ता. क. कॉस्मेने परवा येऊन आमच्या दाराला कडी बसवली. आतून बसवू की बाहेरून, असं त्याने माईंना विचारलं. माई म्हणाल्या, आतसून, आणि बरी दणकट बसव. केतकी आता टकटक करते. टकटक करून आत काही चालू नाही याची खात्री झाली की नाराज होते. स्वतः कपडे बदलतानाही दार लावते आणि मला बाहेर उभं करते. प्रश्न पूर्ववत सुरू आहेत. काल विचारत होती की बांगड्याला बेंबी का नाही.

ता. क. दुसरा. केतकीची परीक्षा संपली की माई आणि ती तुमच्याकडे येतील, कुडाळहून गाडीत बसवून देतो. आठवडाभर ठेवून घ्या. मे महिन्याचे पाहुणे अजून यायचे आहेत, तोवर सगळ्या खोल्या रिकाम्या आणि सगळ्यांना कड्या. पोरीला समज देण्याबद्दल वर मी जे काही थोरपणाने लिहिलं आहे ते खरंच आहे, पण हे पत्र मी ह्या आठवड्यासाठी लिहिलं. तुमचे बंधू सकाळपासून शीळ घालत फिरताहेत. नाही म्हणू नका.

ता. क. तिसरा, आणि हा भावोजींना दाखवू नका. माई तुम्हाला सांगतील की मैथिलीशी बोलायला आलेय, ती अकराची झाली, तिला वेळेवर कळायला हवं. खरंच बोलतील, दोन दिवस माझ्यापाशी सराव करताहेत. पण मला त्या वेगळंच म्हणाल्या. म्हणाल्या, "चारुता पयल्यांदा घाबरान रडत इला, तेका मी फडको दिलंय नि सांगलंय, गप रव, कोणाक सांगा नको. तेच्यानंतर तेणा माका कायच विचारल्यान नाय." तुमच्याकडे बघून हे सांगायचा त्यांना धीर नाही, म्हणून मैथिलीचं निमित्त. त्या मैथिलीला घेऊन बसल्या की तुम्हीही शेजारी बसा. आणि त्या बोलता बोलता तुमच्याकडे वळल्या, तर ताई, चहा टाकते म्हणून उठू नका.