चौतीसच सांग

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
वाशी, १२ जुलै २०२४

चि. सौ. महेश्वरीस शरणम्माअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन सासूबाई स्पीकरवर ऐकतात, म्हणून पत्र शेजारच्या बानूबाईंच्या पत्त्यावर टाकलंय. म्हातारपणी डोहाळे लागले म्हणायचे! लग्न जमवताना मी तुझी पाच वर्षं गिळली, ती पचलीत. दवाखान्यात सासूबाई शेजारी बसतील, तेव्हा वय चौतीसच सांग. तुझ्या दिराशी, उमाशंकरशी, माझ्या समृद्धीची सोयरीक जमत आली आहे. मावशीचं वय चोरलेलं निघालं तर भाचीला कोण नेईल?

माया आहेच, वाढवावी.
तुझी अक्का

लोहारा, २ ऑगस्ट

ती. अक्कास शि. सा. न.

चौतीसच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. आईचं वय जास्त तसा बाळात जन्मजात दोषाचा धोका जास्त, म्हणून वय धरूनच हिशेब काढतात म्हणे. धोका कमी आला. सासूबाईंनी पेढे वाटले, मला मात्र घास उतरत नाही. एकटीनं जाऊन एकोणचाळीस सांगते. ते पुढची तपासणी करतील आणि जे असेल ते आधी कळेल. जाऊ का?

उत्तराची वाट पाहणारी,
महेश्वरी

वाशी, १० ऑगस्ट

चि. सौ. महेश्वरीस आशीर्वाद.

गेलीस तर तुझं-माझं नातं सरलं. लोहाऱ्यात सकाळची गोष्ट संध्याकाळी बाजारात असते. धोका कमी आलाय ना? मग विकतचं दुखणं कशाला घेतेस? आईच्या माघारी तुला मी वाढवलं, त्याची शपथ घालते. हे वय मरेपर्यंत बदलायचं नाही.

अक्का

लोहारा, ३ मार्च २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

मुलगी झाली. तिला डाऊन सिंड्रोम आहे, तपासणीत पक्कं झालं. चौतिशीतही होऊ शकतं, पण वय वाढलं की शक्यता वाढते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाई म्हणतात, चौतिशीत लई जणी बाळंत व्हत्यात, हे वयाचं न्हाय, तुमच्या रक्तातलंच हाय. त्या रक्तातली दुसरी पोरगी घरात नको म्हणून त्यांनी उमाशंकरची सोयरीक मोडली.

लिंगधारणेला, पोरीच्या गळ्यात लिंग बांधायला, त्यांनी स्वामींना बोलावलं नाही, मीच बोलावलं. दूध ओढताना पोरगी दमते. माझं बोट धरलं की सोडत नाही. मला ती फार आवडते, अक्का. बघायला येशील?

महेश्वरी

वाशी, ९ मार्च

महेश्वरीस,

साखरपुड्याची साडी घेऊन ठेवली होती. समृद्धी जेवत नाही. तुझ्या पोरीचं जे व्हायचं ते झालं, माझ्या पोरीनं काय केलं? आजच सासूबाईंना खरं वय सांग. दोष वयाचा आहे, रक्ताचा नाही म्हणावं. फार तर तुला घराबाहेर काढतील. तुझं आता काय जायचं राहिलंय? मात्र त्या पोरीला घेऊन माझ्या दारात येऊ नकोस, चार स्थळं बघायला यायची आहेत.

शरणम्मा

लोहारा, १५ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

मुलीचं नाव शुभांगी ठेवलं. समृद्धीचं मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. पण तू आईच्या माघारची शपथ घातली आहेस, ती मी मोडणार नाही. सासूबाईंनी काल पुन्हा वय विचारलं. चौतीस संपून पस्तिसावं लागलं, असं सांगितलं.

लोभ नसला तरी आमच्या दोघींचं भागेल.
तुझी लाडकी,
महेश्वरी