बोरगावच्या पावण्यांपुढे दुसरा भाग

मुक्काम गिरडजवळ, सोमवार,
मे १९८८

प्रिय मधुकररावजी यांना रूपराव मास्तरचा नमस्कार.

तिकडे नागपुरात तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि मुलांच्या परीक्षा सगळं उत्तम असेल. असावंच अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मला तुमच्यावर रागवायचं आहे आणि दुखणाईत माणसावर रागावणं मला जमत नाही. इकडे ऊन मरणाचं. तुमची बहीण खुशाल, भाची सुलोचना खुशाल, गाय परवा व्याली, तीही खुशाल. मी खुशाल नाही. (पत्र शुद्ध भाषेत लिहायला घेतलं आहे. मधेच जीभ घसरली तर समजून घ्यावं; शुद्ध भाषेत राग पुरा मावत नाही.)

मधुकरराव, काऊन पाठवली ती कॅसेट? कोण्या जन्माचं वैर काढलं? सोयरिक तुम्हीच आणलेली. बोरगाव मेघेचे बापूजी, भाजीपाला पिकवणारे, घर चांगलं, माणूस सरळ. त्यांचा मुलगा गुणवंत वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. सुलोचनाला पाहून गेले, पोरगी मनात भरली, आता फक्त आमचं घर पाहायला यायचे होते. घर पाहायला येणाऱ्या पावण्याला पोहे देतात, सरबत देतात, फार तर गाईचं वासरू दाखवतात. तुम्ही बापूजींना जाऊन सांगितलं, की आमच्या बहिणीचे यजमान, आमचे भाटवे, व्हिडिओवरचा इंग्रजी सिनेमा असा मराठीत सांगतात की ऐकत राहावं, आणि त्याचा दुसरा भाग आता निघाला आहे. झालं! बापूजी म्हणाले, मंग तं मास्तरच्या तोंडून ऐकूनच येऊ. तुम्ही एसटीच्या कंडक्टरजवळ कॅसेट दिली आणि स्वतः नागपुरात कुलर लावून बसले.

आता पहिल्या भागाचं काय झालं होतं ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे, म्हणून सगळं सांगतो. मागच्या वर्षी आमच्या नत्थूजीने (रेडिओ दुरुस्त करतो, म्हणजे उघडतो) वर्ध्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. मागवला होता देवाधर्माचा सिनेमा, निघाला हा इंग्रजी. आकाशातली जहाजं, तोफा, हाणामारी. लोक उठायला लागले तेव्हा आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई म्हणाल्या, बसा रे, मास्तर पोरायले इंग्रजी शिकवते, मास्तर सांगन. मला इंग्रजी येतं, मधुकरराव. सातवीच्या पुस्तकातला कोणताही धडा उघडा आणि विचारा. पण ही सिनेमातली माणसं तोंडात गरम वांगं धरून बोलतात, आणि बोलतात तेही शेजारी तोफ सुटत असताना. अशा वेळी शब्दाला शब्द धरून चालत नाही, चेहरे पाहून अर्थ लावावा लागतो. मी तो लावला.

अर्थ असा, की दोन ग्रह आणि मधोमध धुरा, म्हणजे बांध. (वावराला धुरा असतो तसा आभाळालाही असणारच. धुऱ्याचं भांडण नसतं तर एवढ्या तोफा कशाला लागल्या असत्या?) पिवळ्या केसांचा तो शिवराम, धाकट्या पातीचा. कपाळावर हिरवा दिवा लावलेला टकल्या त्याचा चुलतभाऊ, थोरल्या पातीचा, धुरा कोरून कोरून पुढे सरकणारा. भुऱ्या केसांची ती गोपिका, शिवरामची सख्खी बहीण, लग्नाची. पांढऱ्या दाढीचे ते नानाजी, ह्या बहीण-भावाचा बाप. शेवटी शिवराम जळत्या खड्ड्यात पडला तेव्हा मी सांगितलं, बहिणीचा मांडव उभा राहावा म्हणून पोरानं जीव दिला. सारं गाव रडलं हो! मनकर्णाबाईंनी दुसऱ्या दिवशी चूल उशिरा पेटवली. तेव्हापासून लोक मला बाजारातही थांबवून विचारत, मास्तर, गोपिकाचं लग्न झालं का? एवढं ज्या सिनेमानं कमावलं, त्याचा दुसरा भाग काढताना काही जबाबदारी असते की नाही?

काल रविवारी दुपारी बापूजी, त्यांची बायको आणि गुणवंत आले. पोहे झाले. मग उजेड येऊ नये म्हणून दारंखिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, आत अर्धं गाव, वर पत्रे, पंखा एक आणि तोही पावण्यांकडे. माझी खुर्ची टीव्हीच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून. बापूजी कौतुकाने पुढे सरकून बसले होते. सुरुवातीला मी पावण्यांना पहिला भाग धुऱ्यापासून खड्ड्यापर्यंत सांगून घेतला. सुलोचना बायकांमध्ये दाराच्या आड. माझ्या मनात एकच होतं, की ह्या घरात विद्या आहे हे पावण्यांना दिसू दे आणि पोरीचं भलं होऊ दे. दुसरं काही नव्हतं, देवाशपथ.

पहिल्याच झटक्याला शिवराम जिवंत निघाला. ठीक आहे. मेलेला माणूस परत आणणं मला जड नाही, मी सांगितलं, खड्डा उथळ होता, वाचला पोरगा. टाळ्या पडल्या. मनकर्णाबाईंनी तिथूनच त्याची दृष्ट काढली. मग गोपिका आली, धावत आली, मी म्हणालो, पाहा, बहिणीचं काळीज. आणि मधुकरराव, त्या बहिणीने त्या भावाच्या गळ्यात पडून जे केलं ते तुम्ही बायकोमुलांचे धनी आहात म्हणून समजून घ्या, मी लिहीत नाही. थोडंथोडकं नाही. आकाशात दोन सूर्य बुडेपर्यंत. मी नत्थूजीला ओरडलो, पुढं ढकल! त्या भैताडाने घाईत उलटी कळ दाबली. ते दोघं भराभरा मागे गेले, एकमेकांपासून सुटले, आणि धावत येऊन पुन्हा तेच!

बापूजींची बायको पदराने चेहरा पुसत होती, पुसतच राहिली. आणि मनकर्णाबाई, ज्यांना मी वर्षभर फुकट औषधाच्या बाटल्या वाचून दाखवल्या, त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काऊन मास्तर, हे तं बहीण-भाऊ व्हते ना?"

सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं. मी तोंड उघडलं, आणि बावीस वर्षं शाळेत न थांबलेलं माझं तोंड तसंच उघडं राहिलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पावणे समोर, पोरगी दाराआड, अन् मी आपला टीव्हीच्या उजेडात बसलेला, पळायलाही जागा नाई. धरणी पोटात घेईन तं बरं, असं झालं.

तेवढ्यात तो गुणवंत बोलला. हळू, मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाला, मास्तरांनी सांगितलं तेच खरं आहे, शिवराम त्या खड्ड्यात मेला तो मेलाच. हे त्याच्या तोंडावळ्याचं यंत्र आहे, टकल्याने बनवलेलं. आणि ही गोपिका नाही, हेही यंत्रच. खरी गोपिका सासरी सुखात आहे. "यंत्राले कायची बहीण अन् कायचा भाऊ?" मनकर्णाबाई सोडतात थोडंच! त्या म्हणाल्या, पण मास्तर तं वाचला म्हणले. तर हा शांतपणे म्हणतो, मास्तर आधीच फोडतील कसे आजी, सिनेमातली गंमत जाईन ना.

हे ऐकून मी खूश झालो असेन असं तुम्हाला वाटतं? अजून ऐका. पाचेक मिनिटं झाली असतील नसतील, तिकडे पांढऱ्या दाढीच्या नानाजींनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं पिळलं, झाकणासारखं काढलं, आणि आतून तारा निघाल्या. यंत्र! बाप पण यंत्र! घरात जो कल्ला झाला टाळ्यांचा, की गाय दावं तोडायला लागली. टाळ्या कोणाला? गुणवंतला! माझ्या घरात, माझ्या सिनेमात! पुढचा सगळा सिनेमा मग लोकांनी त्यालाच विचारला आणि त्यानेच सांगितला. प्रत्येक वाक्याला माझ्याकडे वळून म्हणायचा, बरोबर ना मास्तर? आणि मी, शाळेत ज्याच्या आवाजाने पोरं पाटीआड लपतात तो मी, पाण्याचा तांब्या घेऊन हो हो म्हणत फिरत होतो.

आता सिनेमाबद्दल माझं मत लिहितो, ते काढणाऱ्यांना कळवायचं असल्यास खुशाल कळवा. इतका बेजबाबदार सिनेमा मी पाहिला नाही. पहिल्या भागात जे ठरलं त्याची ह्या लोकांना ना आठवण ना शरम. ज्याचा हात तुटला होता तो दोन्ही हातांनी तोफ चालवतो. तोफेत दारू कोणी भरत नाही तरी ती संपत नाही. खेकड्यासारखं बारा पायांचं लोखंडी यंत्र पूर्ण शहर तुडवतं, पण जिच्यावर पाय द्यायचा ती बाई सोडून. दोन तासांत एवढ्या माणसांपैकी एकही माणूस जेवत नाही. निदान पाणी तरी प्या लेकहो, एवढे पळता! शेवटी तर कहर. टकल्या शिवरामला मिठी मारून रडतो. मंग धुऱ्याचं काय झालं? कोणाच्या बाजूने लागला निकाल? त्याबद्दल एक अक्षर नाही! आणि इतकं नासवून पोट भरलं नाही म्हणून जाता जाता टकल्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा पुन्हा लुकलुकतो, म्हणजे तिसरा भाग काढायची तयारी. माझ्या वर्गात कोणी असा पेपर लिहिला असता तर शंभरपैकी नऊ दिले असते, तेही शाई स्वतःची वापरल्याबद्दल.

पण पत्र सिनेमासाठी लिहिलेलं नाही. जाताना गुणवंत माझ्या पाया पडायला वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मास्तर, पहिला भाग मी वर्ध्याला पाहिला आहे. तुमचा जास्त चांगला आहे."

मधुकरराव, मी रातभर कूस बदलत होतो. म्हणजे ह्या पोट्ट्याला सगळं ठाऊक होतं! पोहे खाताना ठाऊक होतं, मी धुरा सांगत होतो तेव्हा ठाऊक होतं, आणि तो गप बसून ऐकत होता. मला लाज वाटली, लिहून देतो. बावीस वर्षं ज्याला गावाने मास्तर म्हटलं, त्याची काल एका पंचविशीच्या पोराने कीव केली. हा माणूस उद्या जवाई म्हणून दर सणाला माझ्यासमोर पाटावर बसेल, मी काही बोललो की मान हलवेल, आणि मला जन्मभर वाटत राहील की हा मला सांभाळून घेऊन राह्यला. मला जवाई पाहिजे, आधाराची काठी नको. शिवाय जो माणूस इतक्या लोकांपुढे, एका क्षणात, इतकं सफाईदार खोटं बोलतो, त्याच्या हातात मी पोरगी कशी द्यावी? (मी बोललो ते खोटं नव्हतं, तो अर्थ होता.) तरी बापूजींना स्पष्ट कळवावं, की आमच्याकडून नकार आहे. कारण विचारलं तर पत्रिका जुळत नाही म्हणा. आधी जुळली होती म्हणाले तर म्हणा, मास्तरनं पुन्हा पाहिली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्हाला सध्या काही नाही.

तुमचा,
रूपराव

ता. क. कॅसेट उद्याच्या गाडीने परत पाठवतो. ती दुकानात देताना सहज, चारचौघांत नाही, विचारून घ्या की ती भुऱ्या केसांची बाई त्या माणसाची खरोखर कोण लागते. पहिल्या भागापासूनचं विचारा. मला गुणवंतला विचारायचं नाही.

ता. क. दोन. पत्र पाकिटात घालून चिकटवायला सुलोचनाला दिलं. तिने वाचलं. (तुमच्या बहिणीचंच वळण.) रडली नाही, भांडली नाही. चुलीपाशी बसून म्हणाली, बाबा, नकार द्यायचा तर द्या, मी काई बोलत नाई. पण मी दाराच्या फटीतून पाहत होती. तुम्ही गप झाले तवा सारं गाव तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलं होतं. मामानं आणलेले पावणेही पाहून राह्यले होते. तो एकटा खाली पाहून राह्यला होता.

यानंतर मी पत्र तिच्या हातून परत घेतलं. पत्र फाडणार होतो, पण सिनेमाबद्दल लिहिलेलं फार चांगलं उतरलं आहे म्हणून फाडत नाही. त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. बाकीचं सगळं खोडलं असं समजा. बापूजींना आजच्या आज होकार कळवा, आणि साक्षगंधाला गुणवंतला माझ्या शेजारी बसवा.